ढोलीपासून पेटीपर्यंत

अमेरिकेतले पक्षी चितारणारे जॉन जेम्स ऑड्युबॉन आयुष्यभर जंगलं आणि नद्या तुडवत फिरले. रात्रीच्या मुक्कामासाठी सराई निवडताना त्यांच्यापाशी एक साधी कसोटी होती. त्या काळी गावोगावच्या सरायांच्या पाटीवर, अगदी वरच्या टोकाला, पक्ष्यांसाठी लाकडाचं एक छोटं घर बसवलेलं असे. हे घर जितकं देखणं तितकी सराई चांगली निघते, असा अनुभव त्यांनी १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. दाराशी येणाऱ्या पाखराची जो काळजी घेतो तो माणसाचीही घेणार, हा त्यामागचा हिशेब.

त्या घरात उतरणारा पक्षी म्हणजे पर्पल मार्टिन. भिंगरीच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमध्ये सर्वांत मोठा, नर उन्हात चकाकणाऱ्या गडद जांभळ्या रंगाचा. हिवाळा तो दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये काढतो आणि वसंतात हजारो किलोमीटर उडून उत्तरेला परततो. स्वतः ढोली कोरण्याचं हत्यार त्याच्या चोचीत नाही. सुतार पक्ष्यांनी कोरून सोडून दिलेल्या ढोल्या हाच मूळचा त्याचा आसरा. त्याला माणसाच्या दारात आणलं ते एका भोपळ्याने.

हा भोपळा मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा. मिरजेत तंबोरा आणि सतार ज्या वाळलेल्या, टणक सालीच्या भोपळ्यापासून घडते त्याच जातीचा हा वेल. अमेरिकेच्या आग्नेय भागातले चॉक्टॉ आणि चिकसॉ हे मूळ रहिवासी घराजवळचं एखादं कोवळं झाड निवडत, त्याचा शेंडा आणि फांद्या छाटून नुसते खुंट ठेवत आणि प्रत्येक खुंटाला पोखरलेला एकेक भोपळा टांगत. पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सन हा मूळचा स्कॉटलंडमधला विणकर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने ही रीत तपशीलवार लिहून ठेवली. मिसिसिपी नदीच्या काठी गुलामीत राबणारी कृष्णवर्णीय माणसंही लांब वेताच्या टोकाला असेच भोपळे बांधत, हेही त्याने नोंदवलं. त्याच्याही आधी, १७३१ साली, मार्क केट्सबी या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने कॅरोलायनातल्या मार्टिनचं वर्णन करताना खांबांवर टांगलेले भोपळे आणि भिंतीला ठोकलेली खुराडी यांचा उल्लेख केला होता. लोक हे का करतात, तेही त्याने सांगितलं आहे. हा पक्षी कावळे, ससाणे आणि कोंबड्यांवर टपलेल्या इतर जनावरांना हुसकावून लावतो. परसातल्या कोंबड्यांना राखणदार मिळत होता आणि राखणदाराला घर. व्यवहार सरळ होता आणि दोन्ही बाजूंच्या फायद्याचा होता.

सगळीकडे तो असा सरळ नव्हता. नेदरलँड्स आणि फ्लँडर्समध्ये मध्ययुगाच्या अखेरीपासून घरांच्या भिंतींवर मातीची मडकी आडवी टांगली जात. त्यांत चिमण्या आणि साळुंकीच्या कुळातले स्टारलिंग घरटी करत. त्या काळच्या फ्लेमिश चित्रांमध्ये अशी मडकी भिंतींवर दिसतात. मडक्याच्या भिंतीकडच्या बाजूला हात जाईल एवढं भोक मुद्दाम ठेवलेलं असे. पिल्लं भरली, उडायच्या बेताला आली, की मडकं उतरवायचं, मागून हात घालून पिल्लं काढायची आणि रस्सा करायचा. ही मडकी पुढे इंग्लंडमध्ये पोहोचली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात विल्यम्सबर्गच्या उत्खननातही तशीच पक्ष्यांची मातीची भांडी सापडली आहेत. इराणमध्ये इस्फहानच्या आसपास सतराव्या शतकात कबुतरांसाठी मातीचे उंच बुरूज उभारले गेले. आतल्या भिंतींत हजारो कोनाडे असत आणि जमिनीवर साचणारी विष्ठा कलिंगड-खरबुजांच्या मळ्यांना खत म्हणून जाई. माणसाने पक्ष्याला घर दिलं त्याची सुरुवात बऱ्याच ठिकाणी अशी पोटापाण्यातून झाली आहे.

त्याच काळात दुसरा एक प्रवाह धर्माच्या पोटी वाहत होता. इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या येनी वालिदे आणि आयाझमा या अठराव्या शतकातल्या मशिदींच्या बाह्य भिंतींवर दगडात कोरलेली चिमुकली घरं आजही दिसतात. त्यांना खिडक्या आहेत, घुमट आहेत, काहींना सज्जेही आहेत. चिमण्या आणि कबुतरं आत राहतात आणि त्यांच्याकडून कुणालाही काही नको असतं. गुजरातेत पोळांच्या, म्हणजे जुन्या शहरांतल्या गल्लीवस्त्यांच्या, तोंडाशी कोरीव लाकडाचे चबुतरे उभे राहिले. मांजरांचा हात पोहोचू नये म्हणून उंच खांब, त्यावर कोनाड्यांची छत्री आणि दाणे टाकायला शिडी अशी त्यांची रचना. जीवदयेचं पुण्य ही त्यांची प्रेरणा. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत घरामागे पक्ष्यांची पेटी टांगण्याचा छंद रुजला त्याच्या कितीतरी आधीपासून हे सुरू होतं.

पश्चिमेत पक्ष्यांकडून काहीही न मागता त्यांना जागा देणारा पहिला मोठा माणूस म्हणजे यॉर्कशरमधल्या वॉल्टन हॉलचे जमीनदार चार्ल्स वॉटरटन. गयानाच्या जंगलांत भटकून आल्यावर त्यांनी आपल्या इस्टेटीभोवती सुमारे तीन मैल लांबीची उंच भिंत बांधली. हे काम १८२६ साली पुरं झालं. त्या काळी भिंती बांधल्या जात त्या शिकारीचे पक्षी चोरीला जाऊ नयेत म्हणून. वॉटरटनच्या भिंतीच्या आत बंदूक चालवायलाच बंदी होती. बाकीच्या इस्टेटींवरचे रखवालदार गव्हाणी घुबडाला दिसताक्षणी मारत होते, तेव्हा वॉटरटनने त्याच्यासाठी दगडी घर बांधलं आणि हे घुबड किती उंदीर खातं ते लेखांतून पटवून सांगितलं. स्टारलिंगसाठी भोकाभोकांचा मनोरा उभारला. नदीकाठच्या दरडीत बिळं करणाऱ्या भिंगऱ्यांसाठी भिंतीत मातीचे नळ बसवले. एकेका पक्ष्याची गरज पाहून त्याच्यापुरती जागा घडवायची, हा विचार इथे प्रथम स्पष्ट दिसतो.

वॉटरटनची दृष्टी होती, पण मोजमाप नव्हतं. ते आणलं जर्मनीतल्या थुरिंगियात, सेबाख इथल्या हान्स फॉन बेर्लेप्श या सरदाराने. १८५७ साली जन्मलेल्या या माणसाने सुतार पक्ष्यांच्या ढोल्या कापून त्यांचं आतलं रूप तपासलं. तोंड किती रुंद, वाट कुठल्या बाजूला चढते, पोकळी खाली कशी फुगत जाते, तळ कसा गोलसर होतो, हे सगळं मोजलं आणि खऱ्या ओंडक्यात यंत्राने तशीच पोकळी कोरून घेतली. लहान तोंडाची पेटी टिट पक्ष्यांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या वल्गुलीच्या भाऊबंदांसाठी, आणि मोठ्या तोंडाची स्टारलिंगसाठी, असे प्रकार ठरले. वेस्टफालियातल्या ब्यूरेन गावात त्यांचा कारखाना निघाला. हिवाळ्यात दाणा बर्फाखाली गाडला जातो, त्यावरही बेर्लेप्शने तोड काढली. वितळवलेल्या चरबीत बिया मिसळून ते मिश्रण सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर ओतायचं. बर्फ किती का पडेना, पक्ष्यांना झाडावरच जेवण मिळे.

बेर्लेप्शला सगळ्यांत मोठा पुरावा मिळाला तो १९०५ साली. आयझेनाखजवळच्या हाइनिख अरण्यात ओकच्या पानांवर अळी पडली आणि मैलोन्‌मैल झाडं निष्पर्ण झाली. शेकडो पेट्या टांगलेलं बेर्लेप्शचं रान मात्र हिरवंगार उभं राहिलं. ही गोष्ट युरोपभर छापून आली. १९०८ साली सेबाखला पक्षिरक्षण केंद्र म्हणून सरकारी मान्यता मिळाली. एका रानावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरं. पण पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी डच संशोधकांनी सफरचंदाच्या बागांत पेट्या लावून नीट तुलना केली तेव्हा बेर्लेप्शच्या म्हणण्याला बळ मिळालं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पेट्यांमधले टिट अळ्या वेचत असलेल्या झाडांना सरासरी ७.८ किलो फळ धरलं. जिथे हे पक्षी पोहोचू दिले नाहीत तिथे ४.७ किलो.

पेटी शेतकऱ्याच्या कामाची आहे हे अमेरिकेच्या कृषी खात्यालाही पटलं होतं. १९१४ साली त्यांनी नेड डिअरबॉर्न यांची पक्ष्यांची घरं कशी बांधावीत हे सांगणारी पुस्तिका शेतकऱ्यांसाठी काढली. आजही हा धागा तुटलेला नाही. इस्रायलच्या बेत शेआन खोऱ्यात १९८३ साली उंदीर मारण्यासाठी विषाऐवजी गव्हाणी घुबडाच्या पेट्या लावायला सुरुवात झाली. पुढे सीमेपलीकडे जॉर्डनमध्येही त्या लागल्या. दोन देशांमधला ताण घुबडांच्या आड आला नाही.

ब्रिटनमध्ये घराच्या आवाराला पक्ष्यांचं दार उघडलं ते थंडीने. १८९०-९१चा हिवाळा इतका कडक होता, की वर्तमानपत्रांनी लोकांना पक्ष्यांसाठी अन्न बाहेर ठेवण्याचं आवाहन केलं. पक्षिरक्षणासाठी झटणारी आणि आज आरएसपीबी म्हणून ओळखली जाणारी संस्था नुकतीच, १८८९ साली, स्थापन झाली होती. लोकांनी पावाचे तुकडे, चरबी, उरलंसुरलं अन्न खिडकीबाहेर ठेवलं. हिवाळा संपला तरी सवय राहिली. १९१० साली ‘पंच’ या नियतकालिकाने पक्ष्यांना खाऊ घालणं हा राष्ट्रीय छंदच ठरवला.

पक्ष्यांनीही माणसांच्या सवयी हेरायला वेळ लावला नाही. दूधवाला पहाटे दारात बाटल्या ठेवून जाई. त्यांची टोपणं फोडून वरची साय खाणारे टिट पहिल्यांदा नोंदले गेले ते १९२१ साली, साउदॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंग गावात. पुढच्या दोन-तीन दशकांत ही कला ब्रिटनभर पसरली. जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी १९४९ साली तिच्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका पक्ष्याचं पाहून दुसरा कसा शिकतो, या विषयावरच्या चर्चेत तो आजही आठवला जातो.

अमेरिकेत याच काळात एक वेगळं संकट वाढत होतं आणि ते माणसानेच आणलेलं होतं. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये युरोपातल्या चिमण्या सोडल्या गेल्या. १८९० आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युजीन शीफलिन यांनी मिळून शंभराच्या आसपास स्टारलिंग सोडले. दोन्ही पक्षी पोकळीत घरटं करणारे, दोन्ही भांडखोर. बघता बघता त्यांनी खंड व्यापला. देशी पक्ष्यांच्या ढोल्या, पेट्या, भोपळे त्यांनी बळकावले. सगळ्यांत जास्त फटका बसला तो ब्लूबर्डला. निळ्या पाठीचा, विटकरी छातीचा हा शांत पक्षी कुंपणांच्या कुजक्या लाकडी खांबांत घरटं करायचा. कुंपणांना धातूचे खांब आले, वठलेली झाडं तोडली गेली आणि उरलेल्या पोकळ्यांवर चिमण्या-स्टारलिंगनी कब्जा केला. चिमणी तर ब्लूबर्डची अंडी फोडते, प्रसंगी घरट्यात बसलेल्या मादीलाही ठार करते.

हे कोडं सोडवलं भोकाच्या मापाने. दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर व्यासाच्या गोल तोंडातून ब्लूबर्ड सहज आत जातो, स्टारलिंग मात्र अडतो. इलिनॉयमधल्या क्विन्सी शहराचे टी. ई. मसलमन यांनी १९३०च्या दशकात रस्त्याकडेने ठरावीक अंतरावर पेट्यांची रांगच लावली. तिला त्यांनी ‘ब्लूबर्ड ट्रेल’ म्हटलं. ही कल्पना राज्याराज्यांत उचलली गेली. पुढे मेरीलँडचे जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स झेलेनी यांनी तिचं चळवळीत रूपांतर केलं आणि १९७८ साली उत्तर अमेरिकेची ब्लूबर्ड संस्था स्थापन झाली. स्टारलिंगला माप अडवतं, चिमणीला अडवत नाही. म्हणून या रांगांवरचे स्वयंसेवक हंगामभर दर आठवड्याला पेटी उघडतात, चिमणीचं घरटं काढून टाकतात, अंडी-पिल्लं मोजतात, पिल्लं उडाल्यावर पेटी धुतात. हजारो सामान्य माणसांनी वर्षानुवर्षं हे केलं म्हणून ब्लूबर्ड पुन्हा वाढला.

मार्टिनच्या वाट्याला वेगळी कहाणी आली. १९६०च्या दशकात इलिनॉयमधल्या ग्रिग्सव्हिल गावात टीव्हीचे अँटेना बनवणारे कारखानदार जे. एल. वेड यांनी मार्टिनसाठी ॲल्युमिनियमची मजलेदार घरं बनवायला घेतली. एक मार्टिन दिवसाला २००० डास खातो, असा प्रचार झाला आणि घरं धडाधड खपली. गावाने स्वतःला देशाची मार्टिन राजधानी म्हणवलं आणि शेकडो खोल्यांचा उंच मनोरा उभारला. डासांचा दावा अभ्यासात टिकला नाही. मार्टिन दिवसा, उंच आकाशात चतुर, माश्या, भुंगेरे पकडतो. डास निघतात संध्याकाळनंतर, जमिनीलगत. तरीही त्या चुकीच्या दाव्याने लाखो लोकांना मार्टिनचे यजमान केलं, आणि त्यातले बरेचसे डासांची गोष्ट खोटी ठरल्यावरही यजमानच राहिले.

इथे या इतिहासातली सर्वांत गंभीर गोष्ट समोर येते. रॉकी पर्वताच्या पश्चिमेला मार्टिन अजूनही सुतार पक्ष्यांच्या ढोल्यांत आणि सग्वारो निवडुंगाच्या पोकळ्यांत राहतो. पूर्वेला मात्र तो जवळजवळ संपूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांतच वाढतो. भोपळ्यापासून सुरू झालेला सहवास अशा टोकाला पोहोचला आहे, की पूर्व अमेरिकेतल्या यजमानांनी उद्या खांब उतरवले तर या पक्ष्याला विणीसाठी जागाच उरणार नाही. एखादा म्हातारा यजमान वारला आणि त्याच्या मुलांनी खांब काढून टाकला, तर ब्राझीलहून परत आलेली अख्खी वसाहत बेघर होते. म्हणून तिथल्या मार्टिन संस्था तरुण यजमान शोधण्यावर आणि त्यांना शिकवण्यावर एवढा भर देतात.

अन्नानेही पक्षी बदलले आहेत. १९६९ साली ऱ्होड आयलंडच्या पीटर किल्हम यांनी पारदर्शक नळीचा फीडर बाजारात आणला आणि दाणे वाया न जाता खाऊ घालणं सोपं झालं. मग दाण्यांचाही धंदा वाढला. कारळ्याची चटणी मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या होते. तेच कारळे भारत आणि इथिओपियातून जहाजांनी युरोप-अमेरिकेत जातात आणि बारीक भोकांच्या नळ्यांतून गोल्डफिंचना मिळतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश बागांतल्या फीडरवर गोल्डफिंच क्वचितच दिसे. आता तो बहुतेक बागांत येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ब्रिटनमध्ये १३३ जातींचे पक्षी बागेतल्या अन्नावर येतात, म्हणजे तिथल्या निम्म्याहून अधिक जाती.

मध्य युरोपात वीण करणारे ब्लॅककॅप हे छोटे पक्षी पूर्वी हिवाळ्यात स्पेनकडे जात. १९६०च्या दशकापासून त्यांतले काही ब्रिटनकडे वळू लागले. तिथल्या बागांतलं अन्न आणि सौम्य होत चाललेले हिवाळे हे त्याचं कारण आहे आणि या नव्या वाटेचं वळण पिल्लांत वारशाने उतरतं. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात १९४७ पासून टिटच्या पेट्यांवर अखंड अभ्यास चालू आहे. त्या पक्ष्यांच्या चोची नेदरलँड्समधल्या भावंडांपेक्षा लांब झाल्या असून त्यात फीडरचा वाटा असावा, असं २०१७ साली संशोधकांनी मांडलं. आणि याच वायथमच्या पेट्यांनी जगाला दाखवून दिलं, की तापणाऱ्या वसंताबरोबर टिट पूर्वीपेक्षा कितीतरी दिवस आधी अंडी घालू लागले आहेत. चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी लावलेली पेटी हवामान-बदलाची नोंदवही झाली.

बोलावणं चुकलं की काय होतं, तेही याच काळात दिसलं. पूर्व अमेरिकेतले हाउस फिंच १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सोडून दिलेल्या, पिंजऱ्यात विकायला आणलेल्या पक्ष्यांचे वंशज. १९९४च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या उपनगरांतल्या फीडरवर डोळे सुजलेले, आंधळे झालेले फिंच दिसू लागले. हा आजार कोंबड्यांमधल्या एका जिवाणूचा. दाटीने एका नळीवर येणाऱ्या पक्ष्यांत तो झपाट्याने फिरला. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंचना घशाच्या ट्रायकोमोनोसिस रोगाने गाठलं. अस्वच्छ फीडर आणि पाण्याची भांडी हे त्याच्या फैलावाचं मोठं कारण आहे. एके काळी बागेत हमखास दिसणारा ग्रीनफिंच २०२१ साली ब्रिटनमधल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. २०२५ साली आरएसपीबीने सपाट तळाच्या फीडरची विक्री थांबवली, कारण सपाट फळीवर पक्ष्यांची लाळ आणि विष्ठा दाण्यांत मिसळते.

भारतात हा प्रश्न धर्म, दया आणि आरोग्य यांच्या मधोमध उभा आहे. राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावात जैन कुटुंबांनी १९७०च्या दशकात कबुतरांना दाणे घालायला सुरुवात केली. त्या दाण्यांवर हिवाळी कांड्या करकोचे उतरू लागले आणि आज हजारोंच्या संख्येने येतात. २०२५ साली खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याच वर्षी मुंबईत महापालिकेने कबुतरखाने बंद करायला घेतले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि वाद उच्च न्यायालयात पोहोचला. कबुतरांची विष्ठा आणि पिसांच्या धुळीमुळे होणारे फुफ्फुसाचे विकार हा त्या वादाचा गाभा. भावना दोन्हीकडे दयेचीच होती. मुंबईत मात्र दाणे इतके आणि एकाच जागी पडत राहिले, की फक्त एकच जात बेसुमार वाढली.

महाराष्ट्रात पेटीची चळवळ रुजली ती चिमणीच्या निमित्ताने. जुन्या घरांना माळवदं होती, कौलाखाली वासे होते, भिंतीत कोनाडे होते, तसबिरी खिळ्यावर तिरक्या टांगलेल्या असत. यांतली एकही जागा चिमणीने सोडली नाही, आणि वळचणीतून पडणाऱ्या काड्यांबद्दल घरातल्या बाईने कधी तक्रार केली नाही. सिमेंटच्या सपाट छताला आणि काचेच्या तावदानाला भोकच नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’मार्फत लाकडी घरटी आणि फीडर घरोघरी पोहोचवले. २००८ साली ‘टाइम’ने त्यांची पर्यावरणवीरांत गणना केली. त्यांच्याच पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला. पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२०च्या देशव्यापी अहवालाने चित्र अधिक नेमकं केलं. चिमणी देशात एकंदर टिकून आहे, मुंबईसारख्या महानगरांत मात्र घटली आहे. म्हणजे पेटीची खरी गरज शहरात आहे.

काही शतकांच्या या अनुभवातून काही गोष्टी पक्क्या ठरल्या आहेत. चिमणीच्या पेटीचं तोंड ३२ मिलिमीटर पुरे. दयाळला त्याहून मोठं लागतं. दाराशी बसायची काडी लावू नये, तिचा उपयोग शिकाऱ्यालाच होतो. पेटी अडीच-तीन मीटर उंचीवर, दुपारच्या उन्हापासून आणि पावसाच्या झडीपासून आडोशाला हवी. छपराला पुढे पागोळी हवी, तळाला पाणी निथळायला बारीक भोकं हवीत आणि एक बाजू उघडता आली पाहिजे, कारण वीण संपल्यावर जुनं घरटं काढून पेटी साफ करावी लागते. पत्र्याची आणि प्लास्टिकची बंद पेटी आपल्या एप्रिल-मेमध्ये पिल्लांना भाजून काढते. फीडर आणि पाण्याचं भांडं घासून धुवावं. आजारी पक्षी दिसला की दाणे काही आठवडे बंद ठेवावेत. शिळी पोळी, शेव, फरसाण घालू नये. आणि चिमणीची पिल्लं पहिल्या दिवसांत दाण्यांवर नाही, किड्या-अळ्यांवर वाढतात. कुंडीत का होईना, देशी झाड-झुडूप नसेल आणि सोसायटीत दर पंधरवड्याला औषध फवारलं जात असेल, तर सगळ्यांत सुंदर पेटीही रिकामी राहील.

दर वर्षी मार्चमध्ये शाळांतून, सोसायट्यांतून शेकडो पेट्या वाटल्या जातात. हे काम चांगलं आहे, ते थांबू नये. पण वाटणाऱ्यांनी पेटीबरोबर तिची देखभाल करणाऱ्याचं नावही लिहून घ्यावं आणि पुढच्या वर्षी नवी पेटी देण्याआधी जुनीची चौकशी करावी. ज्यांच्या गच्चीत किंवा खिडकीशी आधीच एखादी पेटी टांगलेली आहे, त्यांनी या पावसाळ्यानंतर, आत घरटं चालू नाही याची खात्री करून, ती एकदा उघडून पाहावी, स्वच्छ करावी, सैल झालेले खिळे ठोकावेत आणि पुन्हा त्याच जागी लावावी. पक्षी जागा लक्षात ठेवतात.